पाण्यात उभे दादा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या रस्त्याच्या तोंडाशी पाणी साचतं. झाडांची पानं गटाराच्या जाळीवर चिकटून बसतात, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करावा लागतो, आणि माणूस यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर शेजारपाजारचे लोक भिंतीला धरून, पाय उचलून जातात. मी त्या दिवसांत मागच्या दारानं बाहेर पडते. कॉव्हेंट्रीत माझा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. इथला पाऊस आणि चार वाजता पडणारा अंधार अंगवळणी पडलाय. पण फरशीवर नुसतंच पसरलेलं, वाहत नसलेलं पाणी बघितलं की माझे पाय थांबतात.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या अशाच एका नोव्हेंबरात मी दादांना व्हेनिसला घेऊन गेले होते.

दादा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते वाढले. धम्मदीक्षा घेतली तेव्हा जेमतेम विशीत होते. पुढं काही वर्षांनी एका ओळखीच्या माणसामागोमाग इंग्लंडला आले आणि कॉव्हेंट्रीच्या एका फाउंड्रीत लागले. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. ते त्यांनी तीस वर्षं केलं. आई आणि मी मागाहून आलो. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

फाउंड्रीत त्यांच्या शेजारी ब्रुनो नावाचा एक इटालियन होता. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं दादांच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलली आणि तोंडात घातली. दादा ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. भाकरी कशी उचलली, कशी चावली, मग मान कशी हलवली. यात सांगण्यासारखं काय आहे, हे मला मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. हा ब्रुनो व्हेनिसचा. आमच्या गावाला रस्तेच नाहीत, म्हणायचा, सगळ्यांच्या दारात पाणी. दादा ते सांगताना 'सगळ्यांच्या' या शब्दावर जरा थांबायचे. एकदा बघून येऊ, म्हणायचे. आई होती तोवर जमलं नाही.

आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मी एकटीच होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, दिवसभर घराबाहेर. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग किटली रिकामीच तापायला लागली. एकदा गॅस तसाच चालू राहिला. एकदा ते सपाता घालून सकाळी निघाले आणि फाउंड्रीच्या जागेवर जाऊन थांबले. फाउंड्री पाडून तिथं मोठं सुपरमार्केट झालं होतं. कार पार्कमधल्या गार्डनं त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. बरे दिवस येतील, म्हणाले, पण ते कमी होत जातील.

मिलिंद, माझा धाकटा भाऊ, स्टॅनमोरला असतो, डेंटिस्ट आहे. तो इथंच जन्मला. त्याचं मराठी मोडकं, आणि विषय गंभीर झाला की आणखी मोडतं.

"ताई, दादाचा कंडिशन बघ ना. तू पूर्ण दिवस हॉस्पिटलमध्ये, तो एकटा घरात. उद्या समथिंग झाला मग आपण काय करणार?"

"मी बघते आहे ना."

"तू बघत नाही, तू पुढे ढकलते. ते केअर होम चांगला आहे. मी वेबसाइट वाचली."

ते त्यानं म्हटल्याप्रमाणे चांगलंच होतं. मी जाऊन बघून आले. खिडकीतून लॉन दिसायचं, कॉरिडॉरला उकडलेल्या भाज्यांचा वास होता. ऑक्टोबरच्या शेवटी मी फॉर्मवर सही केली. एक डिसेंबरपासून खोली मिळणार होती. दादांना सांगायचं राहिलं होतं. त्यांना देण्यासाठी माझ्याकडे काही तरी हवं होतं, म्हणून मी व्हेनिसची तिकिटं काढली. चार दिवस. तिथं एखाद्या बऱ्या वेळी, पाण्याकाठी बसून सांगेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. सुट्टीत ऐकलेली वाईट बातमी कमी वाईट लागते, असं काही तरी मला वाटलं असावं.

विमानतळावरून निघालेली बस एका चौकात थांबली आणि ड्रायव्हर उतरून सिगारेट ओढायला लागला. पुढं रस्ताच नव्हता. धुकं इतकं दाट की समोरचं पाणी आधी ऐकू आलं, मग दिसलं.

"गाव कुठं आहे?" दादांनी विचारलं.

"हेच गाव, दादा."

ते थोडा वेळ बघत राहिले. "ब्रुनो सांगायचा त्यात धुकं नव्हतं," म्हणाले.

मी चित्रांतलं व्हेनिस डोक्यात घेऊन गेले होते. सोनेरी ऊन, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले नावाडी. आम्हाला दिसलं ते असं : त्या प्रसिद्ध काळ्या होड्या निळी ताडपत्री पांघरून काठाला एकमेकींवर आपटत होत्या. भिंतींना कमरेपर्यंत ओल चढलेली. गिलावा पापुद्र्यांनी सुटलेला, आतली वीट उघडी पडलेली आणि विटेवर मीठ फुललेलं. दारं थेट पाण्यावर उघडायची, त्यांतली कित्येक फळ्या ठोकून कायमची बंद केलेली. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी खालच्या दोन हिरव्या, शेवाळलेल्या. मोटारी नाहीत म्हणजे शहर शांत असेल असं वाटलं होतं. शांत होतंच, पण आजारी माणसाच्या खोलीत लोक जसे हळू बोलतात तसं. गल्लीत मागून कुणी आलं की त्याची पावलं आपल्याच पावलांसारखी वाजायची. सगळीकडे एकच वास. समुद्राचा म्हणावा तर समुद्र दिसत नव्हता. बंद तळघरात बादलीभर खारं पाणी महिनाभर विसरून गेल्यासारखा.

पहिल्याच दुपारी एका पुलावरून आम्ही बघितलं : अँब्युलन्सची पिवळी होडी एका घराच्या दाराशी लागली, दोन माणसांनी एका म्हातारीला खुर्चीत पट्ट्यांनी बांधून जिन्यावरून खाली आणलं. मागे तिची मुलगी असावी; हातात पिशवी, पिशवीतून चपला डोकावत होत्या. खुर्ची होडीत ठेवताना जरा कलली. म्हातारीनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. मुलीनं एकेक बोट सोडवलं.

"इथं माणूस पाण्यातून नेतात," दादा म्हणाले.

मी म्हटलं, "चला, पुढं जाऊ." त्या संध्याकाळी सांगायचं होतं, ते मी उद्यावर ढकललं.

आमचं हॉटेल स्टेशनच्या बाजूच्या वस्तीत होतं. मालकीण साठीची, कमरेला एप्रन, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. दादांना बघून ती आपणहून जेवणाची खुर्ची हीटरजवळ सरकवायची.

दुसऱ्या दिवशी हॉटेलमागच्या लाकडी पुलावरून आम्ही एका चौकात गेलो. चौकाच्या चारी बाजूंना पाणी. म्हणजे तसं बेटच. बाकीच्या शहरात घरं तीन-चार मजली, इथं सात-आठ मजल्यांची, मजले बुटके, खिडक्या एकीवर एक दाटलेल्या. मी गाइडबुक काढून वाचायला लागले. हा इथला घेट्टो. जगातल्या सगळ्या घेट्टोंना नाव मिळालं ते इथून. शहरातल्या ज्यूंनी इथंच राहायचं, असा हुकूम होता. अंधार पडला की फाटकं बंद, आणि भोवतीच्या पाण्यात पहाऱ्याच्या होड्या. माणसं वाढली पण जागा वाढेना, म्हणून मजल्यावर मजले चढले.

"आणि दादा, त्याच्या आधी इथं काय होतं माहितीय? फाउंड्री. ओतकाम चालायचं. घेट्टो हा शब्दच ओतकामावरून आला, असं लिहिलंय."

दादांनी मान डोलावली. तो त्यांचा बरा दिवस होता. त्यांनी घरांकडे बघितलं, पुलाकडे बघितलं, आणि मला जे कधीच सुचलं नसतं ते विचारलं.

"प्यायचं पाणी कुठनं आणायचे?"

मी चौकातल्या विहिरी दाखवल्या. दगडी, कोरीव, कमरेएवढ्या उंच, तोंडावर लोखंडी झाकणं. पुस्तकात होतं की जुन्या काळी पावसाचं पाणी असं विहिरींत साठवायचे. भोवतीचं सगळं खारं. आता नळ आल्यामुळे झाकणं कायमची बंद.

"आतच विहीर? त्यांची त्यांची?"

"हो."

"मग बरं होतं," दादा म्हणाले. "आमच्यापेक्षा बरं होतं."

ते जाऊन विहिरीच्या कठड्याला टेकले. झाकणावर हात ठेवला. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यांची आई घागर घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना म्हणायची, पाणी वाढा माय. कुणी वाढायचं, कुणी नाही. एकदा ती सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभी होती. दादा पाच-सहा वर्षांचे असतील, तिच्या लुगड्याला धरून. त्या दिवशी कुणीच वाढलं नाही. जाताना एकीनं नुसतं विचारलं, अजून इथंच का गं तू? एवढंच त्यांना आठवत होतं, ते वाक्य.

मला आमचं घर आठवलं. दादांनी आम्हाला कधी पाणी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. ताप असला तरी उठून स्वतः घ्यायचे. आई चिडायची, मी काय मेलेय का, म्हणायची. मी ते वडिलांचा हट्टी स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. ते पूर्ण भानावर होते, माझ्याशी खरं बोलत होते. मी म्हटलं, "गार वारं सुटलंय, आत जाऊ या."

संध्याकाळी मालकिणीनं बजावलं की उद्या सकाळी पाणी चढेल. भोंगा वाजेल, घाबरू नका. तीन-चार तासांत उतरतं, तोवर आत बसून कॉफी प्या.

भोंगा वाजला तेव्हा साडेसहाचा सुमार असेल. जुन्या युद्धातल्यासारखा, खालून वर चढत जाणारा लांब आवाज. मी ऐकला. मालकिणीचं बोलणं आठवलं, आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपले.

जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. पांघरुणाची घडी. कोट नाही, बूट नाहीत. मला एका क्षणात सगळं कळलं. फाउंड्रीचा भोंगाही असाच वाजायचा, सकाळी, पहिल्या शिफ्टचा. लहानपणी मी अंथरुणात पडून तो ऐकायची आणि दादांनी दार ओढून घेतल्याचा आवाज ऐकायची.

मालकिणीनं मला स्वतःचे रबरी बूट दिले. तिच्या तोंडचा रंग गेला होता. ती स्वयंपाकघरात होती, तिला ते जाताना दिसलेच नव्हते. दार उघडलं तर गल्लीच नव्हती. काठ कुठं संपतो आणि कालवा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं, सगळं एकसपाट, राखाडी. पाणी कालव्यातून येत होतं तसं फरशीतल्या जाळ्यांतून खालूनही वर येत होतं, अजिबात आवाज न करता. हमरस्त्यावर लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकलेल्या, त्यांवरून लोक एका रांगेत कामावर निघालेले, हातात ब्रीफकेस, कानाला मोबाइल. कुणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी रांगेतल्या माणसांना थांबवून विचारत होते, ओल्ड मॅन, इंडियन, ब्राउन कोट. एका बाईनं माझ्या दंडाला हात लावून काही तरी विचारलं. मला भाषा कळली नाही. मी स्टेशनपर्यंत जाऊन आले. प्रत्येक वळणावर पाण्यात बघत होते. काय शोधत होते ते माझं मला माहीत होतं, आणि त्यातच एक फार वाईट विचार मनात येऊन गेला. मिळालेच नाहीत तर सांगावं लागणार नाही. तो मी मनातून काढून टाकला, पण तो आला होता. इतक्या वर्षांनी तो लिहून ठेवावासा वाटतो.

तासाभरानं ते सापडले. हॉटेलमागच्याच पुलाच्या पायथ्याशी, गुडघाभर पाण्यात उभे. कोटाची सगळी बटणं लावलेली, पाठ ताठ, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आदल्या दिवशीच्या नाश्त्यातले दोन पाव. तोच त्यांचा डबा. पुलावरून माणसं जात-येत होती, त्यांना वळसा घालून.

"दादा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख लागली की नाही कळलं नाही. "गेट उघडलं नाही अजून," म्हणाले.

"दादा, पायरीवर तरी या. पाण्यात का उभे आहात? पूल आहे इथं, सगळे जातायत."

"त्यांचं ठीक आहे. आपल्याला बोलवायला नको?"

मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा होता. ओढलं तर हलेनात. मग मला खोटं सुचलं. "आज शिफ्ट नाही, दादा. फोरमननं निरोप पाठवलाय. सुट्टी आहे."

"मग आधी सांगायचं," ते म्हणाले, आणि निमूट चालायला लागले.

मालकिणीनं त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवले, सूप पाजलं. संध्याकाळी अंगात कणकण आली. मी रात्रभर त्यांचा श्वास ऐकत राहिले.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. चित्रातल्यासारखं ऊन. बसच्या चौकाकडे निघालेल्या होडीत आम्ही बाकावर बसलो होतो. दोन्ही बाजूंना गुलाबी, पिवळे वाडे चकाकत होते आणि लोक फोटो काढत होते. दादा खोकले, मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाले,

"ती खोली कधीपासून आहे?"

मी हातातल्या तिकिटांची घडी घातली.

"मिलिंदनं सांगितलं मला. निघायच्या आधी, फोनवर."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. चार दिवस बघितली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग म्हटलं, नसेल जमत पोरीला."

मी म्हटलं, "एक डिसेंबरपासून." तेवढंच जमलं. त्यांनी बरं म्हणून मान हलवली आणि वाड्यांकडे बघत बसले.

मिलिंदनं ते त्यांना कसं सांगितलं असेल, याचा मी नंतर खूप विचार केला. चुकीच्या लिंगात, चुकीच्या प्रत्ययांत, मधेच इंग्रजीत घसरत. पण सांगितलं होतं. माझं मराठी शुद्ध, आणि मी त्या शुद्ध मराठीत चार दिवस हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

खोकला घेऊनच ते केअर होममध्ये गेले. तिथं पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांचं इंग्रजी गेलं. चाळीस वर्षांत मिळवलेलं सगळं, फाउंड्रीतल्या शिव्यांसकट. उरलं ते मराठी, तेही थोडं. एके दिवशी मी गेले तर ग्रेस नावाच्या केअररनं मला बाजूला घेतलं. ती झिम्बाब्वेची, तिशीची, भारदस्त बांध्याची. म्हणाली, तुझे वडील रोज एकच काही तरी विचारतात. जेवणाच्या खोलीच्या दारात, बाथरूमच्या दारात, स्वतःच्या खोलीच्यासुद्धा. बाहेरच उभे राहतात, आम्ही हात धरला तरी आत येत नाहीत. तिनं ते उच्चार जसेच्या तसे लक्षात ठेवले होते. येऊ का आत.

मी तिला अर्थ सांगितला.

"मग मी काय म्हणायला पाहिजे?" तिनं विचारलं.

"'या' म्हणायचं. एवढंच."

तिनं दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडी ते इंग्रजीतल्या होकारासारखं यायचं, पण दादांना चालायचं. ती दारात उभी राहून या म्हणायची आणि दादा आत यायचे. तिनं इतरांनाही शिकवायचा प्रयत्न केला. पण तिथं माणसं टिकायची नाहीत, दर आठवड्याला नवे चेहरे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी जाणार होते. सर्दी होती, बाहेर पाऊस होता, मी उद्या जाऊ म्हटलं. त्या दिवशी ग्रेसची सुट्टी होती. शेजारच्या खोलीतल्या एका आजीबाईंनी मला नंतर सांगितलं की दुपारच्या जेवणानंतर तुझे वडील स्वतःच्या खोलीबाहेर उभे होते. चहाच्या वेळीही तिथंच होते. दार सताड उघडं होतं. त्यांनी मला काही तरी विचारलं, मी 'हॅलो डिअर' म्हटलं. मग ते पडल्याचा आवाज आला.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये छाती कफानं भरली, आणि दोन आठवड्यांच्या आत ते गेले. मिलिंद आणि मी दोघंही जवळ होतो. शेवटी मिलिंद त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा, मी इथे आहे, ताई पण आहे." या वाक्यात त्याची एकही चूक झाली नव्हती.

सामान आणायला मी एकटी गेले. दोन स्वेटर, चष्मा, बुद्धाची छोटी मूर्ती, आईचा फोटो; सगळं एका पिशवीत मावणारं. खोलीचं दार उघडं होतं. आत ग्रेस पलंगावर नवी चादर घालत होती. दुपारनंतर त्या खोलीत दुसरं कुणी येणार होतं. मी उंबऱ्याशी थांबले.

तिनं चादरीचं टोक गादीखाली खोचलं, मान वर करून मला बघितलं आणि म्हणाली, "या."